पिठाच्या गिरणीतला निकाल

नामपूरला माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती आणि त्यांना वाचता येत नसे. पोस्टमन पत्र घेऊन आला की ते गिरणी बंद करत, ऐकू यावं म्हणून. मग तो खणखणीत आवाजात पत्र वाचून दाखवी, आणि डबे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायाही कान टवकारत. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

सत्तरच्या दशकात मी नाशिकला कॉलेजात गेले आणि पहिल्याच सहामाहीत फिजिक्समध्ये आपटले. कॉलेजने नियमाप्रमाणे पालकांना कळवलं, तेही उघड्या पोस्टकार्डावर. गिरणी थांबली आणि माझे मार्क अख्ख्या रांगेला कळले. पुढच्या रविवारी घरी गेले तर चुलत्यांचं फर्मान तयार होतं: वार्षिकला पुन्हा असं कार्ड आलं की शिक्षण बंद, पोरीला उजवून टाकायचं. वडील खाली मान घालून बसले होते. मला रडू आलं नाही, संताप आला.

नाशिकला परतले ती थेट ऑफिसात. हेडक्लार्क म्हणाले, "पालकांना कळवायचं हा नियमच आहे."

"कळवा की! माझ्या वडिलांना कळवा. गावाला कशाला?"

माझा आवाज ऐकून प्राचार्य बाहेर आले. गिरणीची हकीकत ऐकून ते हसले नाहीत. यापुढे सगळ्यांचेच निकाल बंद पाकिटातून जातील, असं त्यांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं. हेडक्लार्कांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! मग मी हात धुऊन फिजिक्सच्या मागे लागले.

मे महिन्यात पाकीट आलं तेव्हा मी गिरणीतच होते. चुलतेही मुद्दाम येऊन बसले होते. पोस्टमनने पाकीट उन्हात धरून पाहिलं आणि ओरडून विचारलं, "कॉलेजचं आहे दादा, फोडू का?" ओरडावं लागलं, कारण वडिलांनी या वेळी गिरणी बंदच केली नव्हती. त्यांनी पाकीट घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

"हाई तुनं शे. तूच वाच."

मी ते फोडलं. सगळ्या विषयांत पास, आणि फिजिक्समध्ये चक्क फर्स्ट क्लास! मी वडिलांच्या कानाशी जाऊन सांगितलं. पिठाने माखलेला तो चेहरा असा काही उजळला की आजही मला भरून येतं.

"सांगू का सर्वासले?" त्यांनी मला विचारलं.

मी मान डोलावली. तेव्हा कुठे त्यांनी गिरणी बंद केली.