दादांच्या समुद्राची तपासणी

पुराव्यावाचून या जगात काहीही घडलेलं नाही, अशी गाढ श्रद्धा बाळगून जगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा इतिहासाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण इतिहास काही सुटला नाही. कामोठ्याच्या त्यांच्या घरात पाऊल टाकणारी प्रत्येक बातमी दारातच अडवली जाते आणि तिची झडती होते. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी बापडा म्हणालो, मला वाचनाची आवड आहे. बाकीच्या मंडळींनी कौतुकानं माना हलवल्या. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "शेवटचं काय वाचलंत? आणि त्याचा शेवट काय होतो?" मला शेवट आठवेना. लग्न झालं, पण त्या घरात माझ्या वाचनाच्या आवडीला अजूनही 'अपुष्ट' समजतात.

मामा स्वतःचा वाढदिवस करू देत नाहीत. कागदोपत्री तो एक जूनला येतो. त्या पिढीतल्या अर्ध्याअधिक गावाचा तो एक जूनलाच येतो, कारण शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता यायची नाही आणि गुरुजी आपल्या सोयीची लिहून टाकायचे. एकदा आम्ही गुपचूप केक नेला. मामा केककडे बघून म्हणाले, "हा गुरुजींच्या सोयीचा दिवस आहे, माझा नाही. केक खाऊ, पण शुभेच्छा नकोत." मामींचं तर विचारूच नका. "अहो, तुम्हाला दहा वेळा सांगितलं," असं त्या रागानं म्हणाल्या, की मामा शांतपणे विचारणार, "कुठल्या कुठल्या दिवशी? आणि त्या वेळी घरात दुसरं कोण होतं?" शेजारच्या विंगमधल्या एका गृहस्थांनी खारघरच्या डोंगराखाली बिबट्या पाहिल्याचं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा मामांनी त्यांना चहाला बोलावलं. शेपूट किती लांब, ऊन कुठल्या बाजूनं, चष्मा होता की नव्हता? पहिल्या कपाला बिबट्याचा तरस झाला, दुसऱ्या कपाला कुत्रा झाला, आणि जाताना ते गृहस्थ आपण त्या दिवशी फिरायला गेलो होतो की नाही याच विचारात पडले होते.

पण हाच माणूस दुपारी गॅलरीतल्या आरामखुर्चीत बसला की वेगळा होतो. समोर इमारतींच्या फटीतून खाडीची एक चमकती रेघ दिसते. मामा तिच्याकडे बघत बसतात. तळोज्याच्या कारखान्यांचा वास घेऊन वारा सुटला की सगळं कामोठं खिडक्या लावून घेतं, मामा मात्र तसेच बसून राहतात. डोळे अर्धे मिटलेले, ओठ किंचित हलणारे. झोपलेत म्हणावं तर मधेच म्हणतात, "इथं सगळी मिठागरं होती. उन्हात बघवत नसे, एवढं पांढरं." मी एकदा गमतीनं म्हटलं, "मामा, पुरावा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वेळी ते इथे नसतातच, हे मला नंतर कळलं.

या माणसाला थोरला भाऊ मिळाला तो मात्र विलक्षण. मामा त्यांना दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. दादा तरुणपणी खाडीकाठच्या त्यांच्या गावातून गलबतावर खलाशी म्हणून गेले आणि काही वर्षं समुद्रावर काढून परत आले. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी गावातल्या घराच्या ओट्यावर बसून तो समुद्र सांगण्यात घालवलं. दर सांगण्याला तो थोडा वाढायचा. म्हातारपणी त्यांनी तो फुलस्केप कागदांवर उतरवून काढला. त्यात गलबताखालून गेलेला मासा होता, ज्याचं तोंड सकाळी पुढे गेलं तरी शेपटी संध्याकाळपर्यंत यायची होती. मस्कतच्या बाजारात त्यांनी एका पैलवानाला बोटावर उचललं होतं. एका बेटावर तर लोक त्यांना राजा करायला निघाले होते, पण जेवणात भात नव्हता म्हणून दादांनी नकार दिला. कालानुक्रमाशी दादांना काही देणंघेणं नव्हतं. आधी परत यायचे, मग जायचे.

दादा गेले. गावातल्या मित्रमंडळानं ठरवलं की हे पुस्तक छापायचं आणि जत्रेत त्याचं प्रकाशन करायचं. मंडळाचा अध्यक्ष कागद मागायला दादांच्या घरी गेला, तर दादांच्या बायकोनं, म्हणजे मामांच्या वहिनींनी, सांगितलं, "भावजींनी वाचल्याबिगर एक कागुद देनार नाय." मग मामांना बोलावणं गेलं, आणि कागदांचं गाठोडं उचलायला म्हणून मला.

वहिनी थकल्या होत्या, पण नजर स्वच्छ होती. त्यांनी गाठोड्यातून एक पान वेगळं काढलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नातीकडून त्यांनी सगळं वाचून घेतलं होतं आणि या पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता. "भावजी, मासा खरा का खोटा, मना काय करायचाय? या पान तेवरा बगा," त्या म्हणाल्या. "गावात बायका काय बोलायच्या ठावं हाय ना? गलबतवाल्यानं गलबत इकला, म्हनून ह्यो घरी आला. नायतर कशाला येतो. उभा जल्म आयकला मी. ह्यांना इचारला, तर हे माशाचा सांगत बसायचे. आनि इथं लिवलाय का माझ्यासाठी आले. खरा हाय का? खोटा असंल तर खोटा सांगा. तुमी खोटा बोलत नाय, म्हनून तुमाला इचारते."

मी पान गाठोड्यात घालून ते उचललं. गाडीत बसल्यावर मामा म्हणाले, "जावईबापू, दादा आयुष्यात एक वाक्य खरं बोललेला नाही हो."

पुढचे काही आठवडे मामांच्या घरात दुसरा विषय नव्हता. मामी चहा ठेवून जायच्या, त्यावर साय धरायची. मामांची कसोटी मोठी सोपी होती. खाडीकाठच्या जुन्या माणसांना भरती बघायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर भरती सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. दादांनी सवयीनं जागोजागी तिथी लिहिली होती, आणि तिथेच ते सापडत गेले. "हे बघा," मामा म्हणायचे, "अष्टमीला भर दुपारी उधाणावर गलबत बंदरात शिरलं म्हणे. अष्टमीला दुपारी ओहोटी! चिखलातून ओढत नेलं काय?" पुढच्या प्रकरणात चाच्यांनी घेरलं, दादांनी हाक मारली आणि भरती आली. बेटावरून निसटताना तर एकाच दिवशी तीनदा भरती आली. मामा समासात लाल पेन्सिलीनं फुली मारायचे. सुरुवातीला त्या फुलीत शिक्षकाचा उत्साह असायचा. हळूहळू ती फिकी होत गेली.

मी म्हटलं, "मामा, वहिनींना सांगा ना खरं आहे म्हणून. कुणाचं काय बिघडतंय?"

मामा एवढे दुखावले की मला माझीच लाज वाटली. "त्यांनी गावात दुसऱ्या कुणाला विचारलं नाही," ते म्हणाले. "मी एकदा खोटं बोललो तर मग माझ्या 'खरं आहे'ला काय अर्थ राहिला? आणि दादा तर असा साक्षीदार, की सगळीकडे खोटा ठरलाय. त्याचं हे एकच पान खरं कसं धरायचं?" ते पान मामा काही केल्या हातात घेत नव्हते. भीती वाटत होती त्यांना, स्पष्टच सांगायचं तर.

एका दुपारी मी गेलो तर ते पान त्यांच्या मांडीवर होतं आणि मामा खाडीच्या त्या रेघेकडे बघत बसले होते. मी शेजारी बसलो. त्यांनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं. दादांनी लिहिलं होतं, की खाली दक्षिणेकडच्या एका बंदरात पाणी भरायला उतरलो आणि बायकोची आठवण येऊन पाय निघेना. धक्क्यावर बसून लहान पोरासारखा रडलो, ओकारीसुद्धा झाली. तांडेलाला, म्हणजे गलबताच्या म्होरक्याला, म्हटलं, मी येत नाही, माझं गाठोडं तेवढं द्या, त्यात तिच्यासाठी घेतलेलं लुगडं आहे. तांडेल म्हणाला, चौथीची भरती तीनला भरली, आता पाणी उतरायला लागलं, मी थांबू शकत नाही. गलबत गेलं, लुगडंही गेलं. मी चालत घरी आलो.

"चौथ," मामा म्हणाले. "पाऊणपट तीन. बरोबर आहे." "जावईबापू, लक्षात येतंय का? सबंध पुस्तकात दादाला हवं तेव्हा पाणी चढतं, हवं तेव्हा उतरतं. या एकाच पानावर पाणी दादाचं ऐकत नाही. आणि जो माणूस पैलवान बोटावर उचलतो, तो आपल्याला ओकारी झाली हे कशाला लिहील? आणि गलबत त्याच्यासमोर गेलंय, विकलं असेल ते मागाहून." मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

त्याच संध्याकाळी आम्ही गावात गेलो. आजूबाजूच्या टॉवरांमध्ये ते गाव आता दबून बसलंय, पण दादांचा ओटा शाबूत आहे. वहिनी तिथेच बसल्या होत्या. मामा त्यांच्यासमोर खाली बसले. शाळेतली, सभेतली त्यांची ती घोटीव भाषा कुठे गेली कोण जाणे. "वयनी," ते म्हणाले, "खरा हाय."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "रिकामा आलता. पायाला ह्ये फोड. मी इचारला, काय आनलाव? तर बोलले, वादलात गेला." आणि त्या एकदम हसल्या, डोळे पुसता पुसता हसत राहिल्या. हातून गेलेलं लुगडं खरं होतं हे ऐकून एवढी आनंदलेली बाई मी पाहिलेली नाही. ते मिळालं असतं तरी त्या एवढ्या आनंदल्या नसत्या, असं मला वाटतं.

"आता म्होरचा वाचा," त्या म्हणाल्या.

पुढचं प्रकरण माशाचं होतं. मामांनी वाचायला घेतलं. फुल्या होत्याच समासात, पण ते कुठेच अडखळले नाहीत. भलत्या तिथीला भरती आली, ती त्यांनी येऊ दिली. मासा गलबताखालून जायला लागला, गल्लीतली दोन-चार माणसं येऊन उभी राहिली, ऊन ओट्यावरून उतरून गेलं. वाचता वाचता मामांचा आवाज मोठा होत गेला, हात वर गेले, डोळे मोठे झाले, आणि एका वाक्यावर ते मधेच थांबले. वहिनींकडे बघून हळूच म्हणाले, "असाच बोलायचा ना गं दादा? अगदी असाच."