तांडेलमामा पोहायला शिकतो

तांडेलमामाला फोनवर बोलायला फोनची गरज नसे. मिरकरवाड्याच्या जेटीवरून त्याने नुसती हाक मारली असती तरी चेन्नईला ऐकू गेली असती, असं आई म्हणायची. चाळीस वर्षं इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून खलाशांना हुकूम सोडायचे, लांबच्या बोटीला मासळीची खबर द्यायची, म्हणजे गळा असा होणारच. त्यात बोटीवरच्या वायरलेसची सवय. बोलताना फोन तोंडासमोर धरायचा आणि बोलून झालं की पटकन कानाला लावायचा. आमच्या घरातल्या बातम्या आमच्याआधी गल्लीला कळत, त्या यामुळे.

तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, माघारी कधी फिरायचं, सगळं त्याच्या शब्दावर. मामा आईचा धाकटा भाऊ. आमचे बाबा मालवाहू जहाजावर, वर्षातले नऊ महिने बाहेर, त्यामुळे मामाने कुणी न सांगताच आमच्या घराचंही सुकाणू हातात घेतलं होतं. मी थोरली, शाळेत शिक्षिका. मला तो जरा बिचकून असायचा. धाकटी मृणाल मात्र त्याची चिंगी. तिची लष्करात अधिकारी होण्यासाठी निवड झाली तेव्हा त्याने बंदरात पेढे वाटले आणि पोर कर्नल झाली म्हणून सांगून आला. "अरे मामा, अजून वर्षभराचं ट्रेनिंग आहे, ते पार पडलं तर लेफ्टनंट," असं मी म्हटलं, तर म्हणाला, "तेच ते. बोटीत चढली म्हणजे एक दिवस तांडेल होणारच."

चेन्नईच्या लष्करी अकादमीत रुजू होण्याआधी पाठवायचे कागद आले. ते भरायला आम्ही सगळे ओटीवर बसलो. मामा अध्यक्षस्थानी. एका रकान्यात विचारलं होतं, पोहता येतं का? मृणालने पेन उचललं आणि आमच्याकडे बघितलं. तिला पोहता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. बंदरावर जन्म काढलेल्या आमच्या घरात मुलींना पाण्यात कुणी उतरूच दिलं नव्हतं. मामाला ते ठाऊक होतं, तरी तो एवढा हसला की समोरच्या घरातल्यांनी खिडकी उघडली. "मिरकरवाड्याच्या पोरीला विचारतात, पोहता येतं काय! दर्याची पोरं आपण. नाय म्हणून लिहिलंस तर तोंड दाखवायला जागा राहील काय? लिही, येतं. उत्तम येतं." मी म्हटलं, मामा, खरं ते लिहावं. "तुझी शाळा शाळेत," मामा म्हणाला. मृणालने 'उत्तम' लिहिलं. मीही मग अडवलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही ते उत्तर आवडलं होतं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पहिल्याच आठवड्यात पोहण्याच्या तलावाच्या काठावर उस्तादांनी, म्हणजे तिथल्या प्रशिक्षकांनी, दोन रांगा केल्या, येणाऱ्यांची आणि न येणाऱ्यांची. न येणाऱ्यांना कमरेएवढ्या पाण्यात नेलं. येणाऱ्यांना खोल बाजूला नेऊन सांगितलं, मारा उडी. मृणालने मारली. ती वर आली ती उस्तादांनी पुढे केलेल्या बांबूला धरून. त्यानंतर खोटं लिहिल्याबद्दल तिचा जो काही रगडा निघाला तो तिने सविस्तर सांगितला नाही. 'रगडा' हा शब्द मात्र मामाला फार आवडला. बोटीवर कुणी कामचुकारपणा केला की तो ओरडायचा, "आमच्या चिंगीसारखा रगडा काढीन!"

रविवार हा फोनचा दिवस. बोट बंदरात असली की मामा सकाळपासून आमच्याकडे ठाण मांडून बसायचा. मृणाल पळण्यात पुढे, नकाशा वाचण्यात पुढे, पाठीवर ओझं घेऊन चालण्यात मुलांच्या बरोबरीने. प्रत्येक बातमीला मामा मांडीवर थाप मारायचा. पोहण्याचं नाव निघालं की ती विषय बदलायची. आठ महिने झाले तरी तिचा हात तलावाच्या काठावरून सुटत नव्हता. पाण्यात बुडाल्याच्या त्या पहिल्या दिवसाने तिला धरूनच ठेवलं होतं. जुलैच्या शेवटी शेवटची चाचणी होती. उंच फळीवरून उडी आणि पुढे पन्नास मीटर. त्यात नापास झाली तर बाकी सगळं उत्तम असूनही तिची तुकडी पुढे जाणार आणि ती मागे राहणार, पुन्हा सहा महिने. जूनच्या एका रविवारी ती म्हणाली, "ताई, मी मागे नाही राहणार. त्यापेक्षा घरी येते."

आईने पदर तोंडाला लावला. मी माझ्या शिक्षिकेच्या आवाजात काहीतरी धीराचं बोलले, ते मलाच पोकळ वाटलं. त्या कागदावर मी अडले असते तर पोर न येणाऱ्यांच्या रांगेत सुखाने शिकली असती, हे मनातून जात नव्हतं. मामाने माझ्या हातातून फोन घेतला आणि तोंडासमोर धरला.

"चिंगे, ऐक. मला पण पोहता येत नाय."

आई बघतच राहिली. तिच्या सख्ख्या भावाची ही गोष्ट तिलाही माहीत नव्हती. चाळीस वर्षं वादळवाऱ्यात बोट हाकणारा माणूस! "बोट सांभाळलीस तर पोहायची पाळी येत नाय," असं तो खलाशांना बजावायचा, ते आम्ही शहाणपण समजत होतो. तो पुढे म्हणाला, "मला वाटायचं मी पाण्याला भीत नाय. भीत नव्हतो, कारण मी बोटीत होतो. कागदावर उत्तम मीच लिवायला लावलं ना? मग मी पण शिकतंय. तू तिकडं, मी इकडं. बघू, आधी कोण हात सोडतो." पलीकडून पहिल्यांदा हसू ऐकू आलं. मृणाल म्हणाली, "मामा, तू अठ्ठावन्न वर्षांचा आहेस." मामा म्हणाला, "पाण्याला काय माझा दाखला दाखवायचा हाय?"

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी सुरू होती, बोट झावळ्यांनी शाकारून किनाऱ्यावर ठेवलेली. मामाकडे वेळच वेळ होता. समुद्र खवळलेला, तिथे शिकणं अशक्य. तेव्हा तो थेट मालगुंडला आक्कामावशीकडे गेला. आक्कामावशी ही आईची आणि मामाची सगळ्यांत मोठी बहीण. तिला पोहायला येत होतं, कारण विहिरीत पडलेल्या कळश्या काढण्यासाठी तिच्या सासूने तिला लग्नानंतर शिकवलं होतं. तिच्या बागेतली जांभ्याची विहीर जुलैत काठोकाठ भरते. या सहासष्ट वर्षांच्या बाईने आपल्या तांडेल भावाच्या पाठीला डिझेलचा रिकामा कॅन बांधला आणि त्याला विहिरीच्या पायरीवर उभं केलं.

तो सोहळा बघायला मी एका शनिवारी मुद्दाम एसटीने गेले. पाऊस झिमझिमत होता. छत्री घेऊन काठावर उभी असलेली मावशी आणि खाली पाण्यात पाठीवर कॅन घेतलेला मामा. "पाय मार रे, पाय! नुसता वल्हवतोस काय हातांनी? तुझ्यात आणि होडीत फरक हाय!" मावशी ओरडत होती, आणि ज्याच्या एका हाकेला अख्खी बोट उभी राहायची तो माणूस नाकातोंडातून पाणी काढत "व्हय आक्का, व्हय आक्का" म्हणत होता. बातमी लपली नाहीच. आंबेवाल्यांपासून कंडक्टरपर्यंत सगळे विचारू लागले, तांडेल किती हात गेले? दुसरा कुणी असता तर लाजेने विहीर सोडून पळाला असता. मामा मात्र छाती काढून सांगायचा, "आज सात हात. कॅनासकट."

रविवारचे फोन आता शर्यतीचे झाले. मामा मालगुंडहून ओरडायचा, मृणाल चेन्नईहून. तिने काठ सोडून पाच सेकंद तरंगून दाखवलं, तर मामाने कॅन सोडला. "किती वेळ?" तिने विचारलं. "आक्कानं केस धरून वर काढलं तोवर," मामा म्हणाला. एकदा मात्र तो आवाज खाली आणून तिला म्हणाला, "पायरी सोडताना डोळे मिटू नको गो. मिटलेस की पाणी मोठं होतं. उघडे ठेव, म्हणजे जेवढं हाय तेवढंच दिसतं." मी गेली पंधरा वर्षं मुलांना शिकवते. इतकं सरळ मला कधी सांगता आलं नाही.

चाचणीच्या सकाळी आई आणि मी दोघीही मालगुंडला पोचलो. घरात बसवेना. मामा आधीच विहिरीवर होता, पाठीवर कॅन नाही. "ती उतरेल तेव्हा मी पण उतरणार," म्हणाला. विहिरीत पन्नास मीटर म्हणजे किती फेऱ्या याचा हिशेब मला करायला लावला आणि घड्याळ मावशीच्या हातात दिलं. दहाच्या ठोक्याला त्याने उघड्या डोळ्यांनी पायरी सोडली. तो काय पोहला! पाणी उडवत, धापा टाकत, भिंतीला धडकत. पण भिंतीला हात लावून फिरला, धरली नाही. मी काठावरून फेऱ्या ओरडत होते आणि शेवटच्या दोन फेऱ्यांना आईसुद्धा चपला टाकून माझ्याबरोबर ओरडायला लागली. वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. तरी पहिला प्रश्न हाच, "फोन?"

फोन संध्याकाळी आला. एका मिनिटाची खास परवानगी.

"मामा, झालं!"

"उडी मारलीस की ढकललं कोणी?"

"मारली. डोळे उघडे ठेवून मारली!"

मामाने फोन सरळ माझ्या हातात कोंबला आणि नुसत्या पंच्यावर अंगणात नाचायला लागला. आक्कामावशी त्याला चिखलात पडशील म्हणून रागावत होती आणि स्वतःच डोळे पुसत होती. आई मृणालला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, "म्हणजे आता मागे नाय ना ठेवणार?" ते एक मिनिट कधी संपलं ते कळलंसुद्धा नाही.

सप्टेंबरात दीक्षांत संचलन होतं. ऐन हंगाम, पापलेट लागलेलं, आणि मामा बोट दुसऱ्याच्या हवाली करून चार दिवस चेन्नईला आला. त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. बाबा तेव्हाही समुद्रातच होते, म्हणून मृणालच्या एका खांद्यावरचे झाकलेले अधिकारीपदाचे तारे आईने उघडे केले आणि दुसऱ्यावरचे मामाने.

मामाला जाऊन आता दोन पावसाळे झाले. झोपेतच गेला, आपल्या घरात. मृणाल सीमेवरून येईपर्यंत आम्ही थांबलो होतो. त्याच्याबद्दल बंदरात पुष्कळ गोष्टी सांगतात, वादळातून बोट आणल्याच्या वगैरे. मला तो आठवतो तो चेन्नईतल्या त्या दुपारचा. संचलन संपलं, फोटो झाले, सगळे जेवणाकडे निघाले, तर हा मृणालला म्हणाला, "तो तलाव दाखव."

तलाव रिकामा होता. निळं, संथ पाणी, पलीकडे ती उंच फळी. मामाने बूट काढले, काठावर गेला आणि फळीकडे मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिला. मग खाली वाकला. बोटीत पाय ठेवण्याआधी तांडेल दर्याच्या पाण्याला हात लावून कपाळाला लावतो, तसा त्याने त्या पाण्याला हात लावला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "माझी चूक होती. तरी पोरीला सांभाळलंस."

मृणाल म्हणाली, "मामा, क्लोरीन असतं रे त्यात, डोळ्यांत जाईल." तिचेच डोळे भरून आले होते.

मामाने ऐकलं नाही. तो ओला हात त्याने तिच्या डोक्यावर ठेवला, नव्या टोपीसकट.