लाल बटण कुणाला बोलावतं

डिलाईल रोडवरची आमची चाळ पाडून बिल्डरने तिथेच टॉवर उभा केला आणि आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. तेव्हापासून आईला एकच धास्ती, लिफ्ट अडकली तर काय. आमची लिफ्ट अडकायचीच. आत एक लाल बटण होतं, संकटात दाबायचं. मी एकदा दाबून पाहिलं. ढिम्म काही झालं नाही.

मी लोअर परळला एका ऑफिसात प्रोग्रॅमर आहे, म्हटलं बघू तरी. सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लिफ्टवाल्यांनी दिलेला प्रोग्रॅम होता. कंपाइल केलेला, म्हणजे तोंड शिवलेलं पोतं. आतलं वाचता येत नाही, बदलता येत नाही. पण त्यात एक जागा मोकळी सोडली होती: बटण दाबलं तर कुठलं फंक्शन, म्हणजे नाव दिलेलं एखादं काम, चालवू? ती कुणी भरलीच नव्हती. लॉबीत झुंबर लावलं हरामखोरांनी, पण ही एक ओळ लिहायला कुणाला फुरसत झाली नाही.

मी शेल उघडलं. ही आमची काळी खिडकी, तिच्यात आज्ञा टाइप करायच्या. प्रोग्रॅम तिथूनच सुरू केला, छोटं फंक्शन लिहिलं, 'मला फोन लाव', आणि त्या मोकळ्या जागी ठेवलं. घाईत नावापुढे कंस टाकला, कंस म्हणजे 'आत्ताच चालव', तर फंक्शन तिथल्या तिथे चाललं, खिशात फोन वाजला आणि जागा रिकामीच राहिली. फंक्शन आपण चालवायचं नसतं, त्याचा फक्त पत्ता द्यायचा असतो. इतकी वर्षं हेच करतोय आणि तरी चुकलो. कंस काढला. मग लिफ्टमध्ये जाऊन बटण दाबलं, फोन आला.

शेजाऱ्यांचे नंबरही घालणार होतो. "कशाला रे नसती जबाबदारी," म्हणत सगळ्यांनी अंग काढून घेतलं. एकेकाळी ज्यांच्या खोलीत आम्ही न विचारता जेवायला बसायचो, तीच ही माणसं. मरू दे म्हटलं. माझा एकट्याचा नंबर राहिला.

घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच. माझं फंक्शन त्या काळ्या खिडकीत जगत होतं. खिडकी बंद, की फंक्शनही गेलं. हे कायमचं नीट बसवून घ्या, म्हणून सेक्रेटरीकाकांच्या मागे लागलो. "पुढच्या मीटिंगला बघू," म्हणाले. कॉम्प्युटर बंद करू नका, एवढं मात्र त्यांना बजावून सांगितलं.

आणि आईला सांगितलं, "आता घाबरायचं नाही. बटण दाबायचं आणि गप उभं राहायचं. ओरडू नको, तुला दम लागतो. मला लगेच कळेल."

एका संध्याकाळी काका सोसायटीचं ऑफिस बंद करून निघाले आणि निघताना दिवा, पंखा, कॉम्प्युटर, सगळं बंद केलं. चाळीतली सवय. जिन्यातला दिवा विझवल्याशिवाय माणूस झोपायचा नाही तिथे. त्यानंतर आई भाजी घेऊन वर येत होती आणि लिफ्ट अडकली. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये चहा पीत बसलो होतो, हातात काही काम नव्हतं. फोन समोर टेबलावर पडलेला.

लिफ्ट खाली येईना म्हणून कुणीतरी वॉचमनला सांगितलं, त्याने माणूस बोलावून दार उघडलं. आई कोपऱ्यात बसली होती, घामाने चिंब.

मी काकांशी कचाकचा भांडलो. "अरे, रात्रभर चालू ठेवून बिल उगाच वाढतं," ते शांतपणे म्हणाले. माझ्या तोंडून शिवी गेली, तर तेवढ्यावर कमिटी जमली आणि माफी मला मागायला लावली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

घरी येऊन आईवरच खेकसलो. "इतका वेळ आत होतीस, एक हाक मारता आली नाही?"

ती पदराने मान पुसत होती. म्हणाली, "तूच सांगलंस ना, ओरडू नको म्हणान. बटण दाबलंय. माका वाटला, तुका कळला असतला. कामात असतलंस, म्हणान गप रवलंय."