झडप शिवणारी मावशी

माझी मावशी शिंपीण. संशोधन संस्थेच्या मागच्या फाटकासमोर तिचं दुकान. दुकान कसलं, एक शिलाई मशीन, एक टेबल, एक आरसा आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. त्या स्टुलावरही कपड्यांचा ढीग, त्यामुळे गिऱ्हाईक उभंच. बत्तीस वर्षांत तिने कुणाचा कपडा बिघडवला नाही आणि कुणाला तो वेळेवर दिलाही नाही. "मंगळवारी या," म्हणायची. कोणत्या मंगळवारी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

संस्थेतले झाडून सगळे शास्त्रज्ञ तिला ठाऊक होते, पण त्यांच्या शोधांवरून नव्हे, खांद्यांवरून. "तो डावा खांदा उतरलेला," "ती खिशात कात्री ठेवून खिसा फाडणारी," अशी तिची ओळख पटवायची पद्धत. पांढरे अ‍ॅप्रन सगळे तिच्याकडेच यायचे. ते नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे, कारण मी तिथेच इंजिनिअरिंग विभागात प्रयोगशाळा सहायक.

आमच्या सरांना आम्ही त्यांच्या पाठीमागे दशांशसर म्हणायचो. चहा किती ओतू असं विचारलं, तर "शून्य पूर्णांक पंच्याहत्तर कप" म्हणणारा माणूस. ते तेव्हा हृदयात बसवायची कृत्रिम झडप तयार करत होते. एक गोल कडं आणि त्याला आतून शिवलेल्या तीन पाकळ्या, एवढीच ती वस्तू. रक्त पुढे जाताना पाकळ्या उघडायच्या, मागे येऊ लागलं की मिटायच्या. पाकळ्यांचा पडदा यायचा जीवशास्त्र विभागातून. जनावराच्या हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. ती धुऊन, औषधात मुरवून तिचे तुकडे तयार करायच्या पेशीबाई. हे नावही आमचंच. आणि शिवायचे ते शेजारच्या रुग्णालयातले डॉक्टर, हृदयाचे मोठे सर्जन. तीन विभाग, तीन विद्वान आणि झडप मात्र गळकी. मिटली तरी पाणी मागे झिरपायचंच.

एके दिवशी सर स्वतःच अ‍ॅप्रन घ्यायला दुकानात गेले. अर्थात तो तयार नव्हता. मावशी एका कोटाची बाही बसवत होती. बाहीचा घेर मोठा, खांद्याचं भोक लहान, तरी एकही चुणी न पडता ती जागच्या जागी बसली. सर बघतच राहिले.

"जास्तीचं कापड गेलं कुठे?" त्यांनी विचारलं.

"जिरवलं," मावशी म्हणाली.

"किती टाक्यांत?"

"टाके कोण मोजत बसतं साहेब?"

सरांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांच्यासमोर पूल न मोजता बांधलाय आणि तो उभाही आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाठवलं, मावशीला घेऊन ये म्हणून.

मावशी आली ती ठेवणीतले कपडे घालून, गळ्यात टेप अडकवून. डॉक्टरांनी आपली शिवलेली झडप तिच्यासमोर ठेवली. तिने ती उजेडाला धरली, उलटसुलट केली.

"टाका छान आहे," ती म्हणाली. डॉक्टर खूश. "पण घाईचा आहे. तुम्हाला सवय रक्त वाहत असताना शिवायची. इथे कोण मरतंय?"

 मावशीने मग पडद्याचा सुटा तुकडा मागितला, दोन बोटांत धरून हलकेच ताणला. एका बाजूने जेमतेम हलला, दुसऱ्या बाजूने चांगला लांबला.

"अगं बाई! हे कापड उरेब कापलंय, धाग्याला तिरकं. झडपेतली एक पाकळी सरळ, दुसरी तिरकी, तिसरी देवाला ठाऊक. तिन्ही वेगवेगळ्या ताणणार, मग मिटणार कशा?"

"हे कापड नाही," सर म्हणाले.

"उभा-आडवा धागा आहे ना? मग कापडच."

नेमक्या तेव्हा पेशीबाई काचेचा डबा परत न्यायला आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. "धागे आहेत. कुठल्या तुकड्यात कुठल्या दिशेने जातात, त्याचे नकाशे आहेत माझ्याकडे. चार वर्षांचे."

मावशीने आधी सरांकडे बघितलं, मग पेशीबाईंकडे.

"मग यांना का नाही दिले?" मावशीने विचारलं.

"यांनी मागितले नाहीत."

"मला ते आहेत हेच माहीत नव्हतं," सर म्हणाले.

त्या दोघांच्या खोल्यांमध्ये दोन दारांचं अंतर. शून्य पूर्णांक काहीतरी किलोमीटर असेल, पण त्या दिवशी सरांनी ते मोजलं नाही. मावशीला मात्र हसू आवरेना. घरी जाऊन काकांना तिने ती हकिगत तीनदा सांगितली. काका म्हणजे तिचे यजमान. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. तिसऱ्यांदा सांगताना तिने एक तपशील बदलला, तो त्यांनी लगेच दुरुस्त केला.

त्यानंतर मावशी दुपारी दोन ते पाच संस्थेत येऊ लागली. सुरुवातीला तिच्यापुढे सगळ्यांनी हात टेकले. सूक्ष्मदर्शक तिला नको होता, "डोळ्यांना काय झालंय माझ्या?" मग एकदा डोळा लावला आणि स्वतःचेच टाके मोठे झालेले पाहून दचकली. हातमोजे तिला आवडेनात. आणि पहिल्याच दिवशी, सुईत ओवायला म्हणून, तिने दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं.

पेशीबाई किंचाळल्याच. "अहो, थांबा! या पडद्यावर मी आजवर एक जंतू येऊ दिला नाही!"

"माझ्या तोंडात जंतू?" मावशी म्हणाली, आणि दोन दिवस रुसून आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती तोंडाला फडकं बांधून. पेशीबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा तिला मावशी म्हटलं.

धाग्यांची दिशा बघून पाकळ्या कापल्या, मावशीने त्या बाहीसारख्या जिरवून कड्यात बसवल्या आणि झडप मिटली. पाण्याचा थेंब मागे येईना. सरांनी तीन वेळा मोजलं. डॉक्टरांनी मावशीचा हात हातात घेऊन हलवला. मावशीचा पाय आठवडाभर जमिनीवर नव्हता. गिऱ्हाइकांना मंगळवारऐवजी ती आता "बघू, संशोधनातून वेळ मिळाला की" असं सांगू लागली.

पण झडप एकदा मिटून भागत नाही. ती वर्षानुवर्षं मिटायला हवी. त्यासाठी आमच्याकडे एक यंत्र होतं, त्याला आम्ही धडधड्या म्हणायचो. त्यात झडप मिठाच्या पाण्यात बसायची आणि दिवसाला साडेआठ लाख वेळा उघडमीट करायची. वीस कोटी वेळा टिकली तरच पुढची गोष्ट. मावशीने शिवलेल्या तीन झडपा त्यात बसवल्या. सतराव्या दिवशी पहिली फाटली, एकोणिसाव्या दिवशी दुसरी, विसाव्या दिवशी तिसरी. तिन्ही दोन पाकळ्या मिळतात त्या कोपऱ्यात.

मग सुरू झाल्या बैठका. सरांना वाटत होतं पडदा कमकुवत. पेशीबाईंना वाटत होतं कडं टणक. डॉक्टरांना वाटत होतं मिठाच्या पाण्यातच काहीतरी आहे. तिघंही इतक्या सभ्य शब्दांत दोष एकमेकांवर ढकलत होते, की मला टिपणं काढताना घाम फुटायचा. सरांनी संगणकावर सगळं गणित नव्याने मांडलं. पेशीबाईंनी दोन महिन्यांचा पडद्याचा साठा पुन्हा तपासायला काढला. तीन आठवडे असेच गेले.

या तीन आठवड्यांत मावशीच्या तोंडाचा पट्टा बंद झाला होता. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. एकदा दुपारी ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून फाटक्या झडपेकडे बराच वेळ बघत बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं."

रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेले, तर ती न्याहारीसमोर नुसतीच बसलेली. काका वर्तमानपत्रात लाल पेनने खुणा करत होते. निवृत्तीनंतरही त्यांची ती सवय सुटली नव्हती.

"सांग तिला," काका मान वर न करता म्हणाले.

"काय सांगू?" मावशी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता बोलू लागली. "कपडा हातातून सोडताना मी कोपऱ्यात तीन टाके जास्तीचे घालते. गाठ मारून. बत्तीस वर्षं घालतेय. खिसा असो की काखेतला जोड, माझ्याकडचा कोपरा उसवत नाही. सरांच्या कागदावर ते टाके नव्हते. मला वाटलं, यांना काय कळतंय, मी आपलं पक्कं करून देते."

"आणि फाटलं तिथूनच?"

"तिथूनच. गाठ जागची हलत नाही, पडदा हलतो. दर वेळी तिथे कापला जातो. मी बघितलंय." तिने बशी बाजूला सारली. "ती पेशीबाई तीन आठवडे घरी नीट जेवायला गेली नाही म्हणे. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या," काका म्हणाले. "एकदा माझीच एक राहिली, आणि हजार प्रती छापून झाल्या. साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. दोन मिनिटं लागतात गं. बाकीचा वेळ आपण उगाच जाळतो."

सोमवारच्या बैठकीत मावशी उठून उभी राहिली. टेप गळ्यात नव्हता. सगळं सांगितलं, एकही शब्द न सजवता.

पेशीबाई आधी बोलल्या, आणि आवाज चढवून बोलल्या. "मावशी, तीन आठवडे! तुम्ही रोज माझ्यासमोर बसत होतात. दोन महिन्यांचा पडदा वाया गेला माझा."

"हो," मावशी म्हणाली. "रागवा तुम्ही. चूक माझीच आहे."

पेशीबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी घसा साफ केला. "खरं सांगायचं तर, मी ती गाठ पाहिली होती. भिंगाखाली. मला ती आवडली. मीही घातली असती. म्हणून गप्प बसलो." आता पेशीबाई वळल्या त्या डॉक्टरांवर, आणि पुढची पाच मिनिटं मावशीची सुटका झाली.

दशांशसर एवढा वेळ वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांनी चष्मा वर केला.

"तिन्ही झडपांना?"

"हो."

"प्रत्येक कोपऱ्यात किती?"

"तीनच. कमी नाही, जास्त नाही."

"म्हणजे तुम्ही मोजले!" सर म्हणाले. रागाचा मागमूस नव्हता. माणूस चक्क हरखला होता. मोजलेली चूक म्हणजे त्यांच्या दृष्टीने अर्धा प्रयोगच होता. "मग आता एक टाका, दोन टाके, शून्य टाके आणि एक सैल फास, असं करून बघू."

तसंच केलं. पेशीबाई चार दिवस मावशीशी कामापुरतंच बोलल्या. पाचव्या दिवशी पडद्याचा नवा तुकडा पुढे ठेवत म्हणाल्या, "हा चांगला आहे. जपून कापा." मावशीने तो उजेडाला धरला आणि मान डोलावली. त्या दोघींचं तेवढ्यावर मिटलं.

आता मात्र प्रत्येक टाका वहीत लिहायचा, अशी सक्ती झाली. मावशीने लिहायला घेतलं. सरांनी वही उघडली तर, "दुसऱ्या पाकळीपाशी पडदा जरा रुसला, गोंजारून घेतला." सर माझ्याकडे आले. "रुसला म्हणजे किती न्यूटन?" पुढे दोघांनी मिळून तोडगा काढला. डाव्या पानावर मावशीचे शब्द, उजव्या पानावर सरांचे आकडे. महिनाभराने सर स्वतःच आधी डावं पान वाचू लागले.

टिकला तो सैल फास. कोपऱ्यात गाठ नाही, दोऱ्याला हलायला थोडी जागा. मावशीला तो घालताना अंगावर काटा यायचा. "उसवल्यासारखं दिसतं गं," म्हणायची. आठ महिने धडधड्या चालला. वीस कोटींचा आकडा आला तेव्हा आम्ही सगळे यंत्राभोवती उभे होतो, आणि मावशी दुकानात होती, कारण कुणाला तरी मंगळवारी कोट द्यायचं तिने कबूल केलं होतं आणि तो मंगळवार उलटून महिना झाला होता. मी पळत जाऊन सांगितलं. तिने मशीन थांबवलं, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "पेशीबाईला कळलं का?" एवढंच विचारलं.

शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, आभारात मावशीचं नाव घालू. पेशीबाई म्हणाल्या, आभारात नाही, लेखकांत. त्यावर दोन बैठका झाल्या आणि पेशीबाई जिंकल्या. निबंधासोबत पाठवायच्या अर्जात "पदवी" असा रकाना होता. मावशीने तिथे "नाही" लिहिलं आणि पुढच्या "विषय" या रकान्यात सुवाच्य अक्षरात "शिवणकाम".

खरा वाद झाला तो पहिल्या तीन झडपांवरून. सरांनी इंग्रजीत लिहिलं होतं, "बांधणीतील फरकामुळे झडपा फाटल्या." मावशीने मला तो मजकूर आपल्या भाषेत समजावून सांगायला लावला.

"फरक कसला?" ती म्हणाली. "शिवणारीने न विचारता तीन टाके जास्त घातले, असं लिहा. उद्या दुसरी कुणी घालेल."

"असं लिहायची पद्धत नाही, मावशी," सर म्हणाले.

"मग काय पद्धत आहे?"

शेवटी "अतिरिक्त टाके घातले गेल्याने" इथवर गाडी आली. मावशीला ते पसंत पडलं नाही. "घातले गेले म्हणे. आपोआप गेले का?" काकांनी छापील अंक पाहिला, इंग्रजीत दोन स्वल्पविराम चुकलेले शोधले आणि संपादकांना पत्रही पाठवलं. उत्तर आलं नाही.

ती झडप कुणा माणसाच्या छातीत बसायला अजून बरीच वर्षं आहेत. मध्ये कितीतरी चाचण्या आहेत. सध्या दर बुधवारी डॉक्टरांचे शिकाऊ सर्जन मावशीकडे टाका शिकायला येतात. ढीग उचलून स्टूल रिकामं केलंय, पण तिघांत एकच मावतो, बाकीचे उभे. गेल्या बुधवारी एका मुलीने दहा मिनिटांत पाकळी शिवून पुढे केली. मावशीने ती बघितली, कात्री घेऊन सगळे टाके उसवले आणि पडदा परत तिच्या हातात दिला.

"छान आहे," म्हणाली. "आता पुन्हा शिव. आणि किती घातलेस, ते सांग."