सोनूबाईसाठी आणलेला समुद्र

आमच्या राजूरच्या बाजूला समुद्र कुणी बघितलेला नव्हता. पाणी म्हणजे विहिरीचं, आणि फार तर पावसाळ्यातली पूर्णा, इथवरच आमची धाव. निजामाच्या राज्यात समुद्र बघून आलेला माणूस म्हणजे एक तर मुंबईला गेलेला, नाहीतर हजला. म्हणून माझे भावकीतले चुलते पुंजाराम तात्या बायकोसाठी समुद्र आणायला निघाले तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली. हसलं मात्र कुणी नाही, कारण सोनूकाकूचं दुःख सगळ्यांना ठाऊक होतं.

तात्या कापसाची गाडी भरून जालन्याच्या जिनिंगला न्यायचे. गिरजी आणि मच्छिंद्र ही त्यांची दोन लेकरं पटकीच्या एकाच साथीत गेली. तात्यांनीच दोघांना उचलून मसणात नेलं आणि परत येऊन बैलांना पाणी दाखवलं. डोळ्यांतून टिपूस नाही. लोक म्हणाले, काय छातीचा माणूस! असल्या कौतुकानेच माणसं आतून सडतात, असं माझं मत आहे. सोनूकाकू तर बोलायचीच थांबली. पहाटे जात्यावर बसायची आणि दाणे न घालताच ओढत राहायची. रिकामं जातं ओढू नये, घराला अवदसा येते म्हणतात. तिची सासू झुंबरबाई खुंटा धरून आरडाओरडा करायची. काकू निमूट उठायची आणि सासू वळली की पुन्हा बसायची.

राजूरच्या गणपतीला नवस झाला, पिंपळगावच्या रेणुकाईची ओटी भरली, हकिमाच्या पुड्या झाल्या. जातं काही थांबेना.

जिनिंगवर गाठी बांधणारा लालमियाँ तात्यांचा जिवाभावाचा दोस्त. त्याची फुफू, म्हणजे आत्या, रहिमुन्निसा हज करून आलेली. नवरा गेल्यावर तीही अशीच मुकी झाली होती. तिने तात्यांना समोर बसवून सांगितलं, "जहाज पर बैठी बैठी दिनभर दर्या देखती रही रे, पुंजाराम. उसके सामने मेरा गम जरासा हो गया. वहाँ पेट भर रोई, तब जाके नींद आई. तू सोनू को दर्या दिखा."

दाखव, म्हणाली ती. आण, असं नव्हती म्हणाली.

पण घरी आल्यावर झुंबरबाईने फाटे फोडले. "काशीला काय सगळं घर जातं? एक जण जातो, गडवा भरून आणतो, घरादाराला तीर्थ मिळतं. येडी बाई आगगाडीत बसवून मुलखाला दाखवायची हाय का?" त्या म्हातारीचा मला अजून राग येतो. पण तिला एकटीला बोल लावून काय उपयोग? सगळ्या गावाला ते बराबर वाटलं, आणि तात्यांनाही. आमच्या कैक पिढ्यांनी गंगा अशीच गडव्यातून घरी आणली होती. मग समुद्राचं काय वेगळं?

त्या मोसमात लालमियाँ गाठींबरोबर मुंबईला निघाला, तेव्हा तात्या त्याच्यासोबत गेले. जाताना तांब्याचा गडवा घासूनपुसून घेतला. काकू उंबऱ्यात बसली होती. तिने कुठे जाता म्हणून विचारलं नाही.

पुढचं मला तात्यांनीच पुष्कळ वर्षांनी सांगितलं. "गडवा भरला, आन् उठाया गेलो तं पाय उठंनात. पाणी येऊ राह्यलं, जाऊ राह्यलं. नजर जाईल तिथवर पाणीच. मला कोणी काही इचारीना, कोणी धीर देईना. मंग मी गिरजीला हाक मारली, मच्छिंद्राला हाक मारली. लई रडलो. लालमियाँ उठून लांब जाऊन बसला. गाडीत असा झोपलो का मनमाडला त्यानं हलवून उठवलं."

म्हणजे गुण आला. फक्त ज्याला यायचा त्याला नाही.

रिवाजाप्रमाणे गडव्याचं तोंड कथलाने डाखून बंद केलेलं. घरी आल्यावर तो जमिनीला न टेकवता खुंटीला टांगला. बायकांनी तात्यांचे पाय धुतले, तीर्थाहून आल्याचं पुरणपोळीचं मावंदं जेवून झालं, मगच झाकण उघडलं. कुबट वास सुटला. तरी झुंबरबाईने भक्तिभावाने काकूच्या तळहातावर पाणी घातलं. काकूने ते तोंडाला लावलं.

"खारं हाय," ती म्हणाली.

इतक्या दिवसांनी बोलली! बायकांनी हात जोडले, झुंबरबाईचे डोळे भरून आले. तेवढ्यात काकू शांतपणे म्हणाली, "हे तं माझ्यापाशी लई हाय." आणि उठून जात्यावर गेली.

तात्या तिच्यामागे गेले आणि जात्यापाशी खाली बसले. त्यांनी तिला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तिचा हात थांबला.

"तुमी रडले?"

"रडलो."

"लेकरांसाठी?"

"व्हय."

"माझ्याबिगर?"

दोघांच्या लेकरांचं रडणं एकट्यानेच रडून घेतलं, ही चूक कुठल्या तीर्थाने धुऊन निघायची?

पुढच्या कापसाला तुला घेऊनच जातो, असं त्यांनी कबूल केलं आणि काकूत जीव आला. जात्यात दाणे पडू लागले. ती स्वतः चालत रहिमुन्निसाकडे जायची, दर्या केवढा, त्याचा आवाज कसा, विचारायची. वाटेसाठी दशम्या किती दिवस टिकतात याची चौकशी करायची. तात्यांना म्हणायची, "तिथं गेल्यावर तुमी गिरजीला हाक मारा, मच्छिंद्राला मी मारीन." ते वर्ष ती फक्त त्या वाटेकडे डोळे लावून जगली.

आणि नेमका तोच कापसाचा मोसम रझाकारांच्या धामधुमीत गेला. बाकीचा देश मोकळा झालेला, आम्ही मात्र मध्येच अडकलेलो. मनमाडच्या बाजूला जाणं म्हणजे जिवाशी गाठ. लालमियाँच म्हणाला, "अभी नक्को. बाई माणूस साथ में है, जरा दम खा." तात्यांनी दम खाल्ला. काकू रोज विचारायची, "जायचं ना?" तात्या म्हणायचे, "जाऊ, जरा निवळू दे."

ते निवळलं भाद्रपदात, हिंदुस्थानची फौज आल्यावर. काकू वैशाखातच तापाने गेली. तापातही तिने तेच विचारलं, आणि तात्यांनी तेच सांगितलं.

अस्थी घेऊन आम्ही पैठणला गेलो. उन्हाळ्यामुळे गोदावरीला धार बारीक होती. तात्या गुडघाभर पाण्यात उभे राहिले. गुरुजी भले होते. त्यांना कुणीतरी सगळी हकिकत सांगितली असावी. ते म्हणाले, "पुंजाराम, वाईट वाटून घेऊ नका. ही गोदामाय शेवटी समुद्रालाच मिळते. सोनूबाई पोचतील."

तात्यांनी मडकं पाण्यावर रिकामं केलं. राख थोडी घुटमळली आणि धारेला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले.

"पोचंल," ते म्हणाले. "पर एकटीच जाऊ राह्यली. मीच तं दाखवलं तिला, एकट्यानं कसं जायचं ते."