गाऱ्हाण्यात गेलेलं पेटंट

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारा दुभाषी. तो दर वेळी सगळं पहिल्यापासून करत बसतो. माझ्या पद्धतीत तो आधीच ताडतो, की हा माणूस आता कुठला भाग बदलणार, आणि बाकीचं तयार करून ठेवतो. तारकर्लीत घरी बसून मी हे कंपनीसाठी शोधलं. आजवर माझ्या कामावर साहेबांचंच नाव लागत आलं होतं. पेटंटवर शोधक म्हणून माझं लागणार होतं आणि मला ते हवंच होतं.

अर्ज करण्याआधी काकांनी देवळात गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे गावासमोर देवाकडे मोठ्याने मागणं मागायचं ठरवलं. गावात गाऱ्हाणं तेच घालतात. आवाज असा, की देवाने ठरवलं तरी त्याला झोप लागू नये. मी म्हटलं, "नुसतं काम होऊ दे, एवढंच सांगा."

काका खवळले. "देवाक अर्धा सांगलंस, तर देव अर्ध्याच कामाक पावतलो!"

म्हणून मी त्यांना एकेक पायरी पढवली. त्यांनी ती जशीच्या तशी देवापुढे मांडली आणि प्रत्येक पायरीला गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!" मग नेहमीप्रमाणे काकांनी व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. अर्ज त्यानंतर गेला.

पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. पद्धत अर्जाआधीच जगजाहीर आहे आणि जगजाहीर गोष्टीला पेटंट मिळत नाही; पुरावा म्हणून काकांचा व्हिडिओ, सोबत भाषांतर. वर शेरा, की उपस्थितांनी प्रत्येक टप्पा समजल्याचं मान्य केलं आहे! 'व्हय म्हाराजा' म्हणायला समजावं लागत असतं, तर आमच्याकडची निम्मी देवळं मुकी झाली असती.

कंपनीने अपील केलं. सुनावणी मी पडवीत लॅपटॉपवर बघत होतो, काका इस्त्रीचा सदरा घालून शेजारी. वकिलांचा मुद्दा एकच: या गाऱ्हाण्यावरून कुठल्याही इंजिनियरला काही करता येणार नाही, ती निव्वळ असंबद्ध बडबड आहे.

काका ताडकन उठले. "बडबड? इचार ह्येका, खंयची पायरी मी चुकलंय?"

माइक बंद होता म्हणून अब्रू वाचली. "काकानू, गप रवा. तो आपलोच वकील आसा."

"आपलो? मगे माका येडो कित्याक ठरवता?"

"तुमका येडो ठरवल्यानच माका पेटंट गावतला."

"मगे नको गावाक!" काका म्हणाले आणि पाठ फिरवून बसले. मला असा संताप आला, की मी लॅपटॉपच मिटणार होतो.

तेवढ्यात न्यायाधीशांनी विचारलं, अर्जातली नेमकी कुठली पायरी या गाऱ्हाण्यात नाही? वकील कागद चाळत राहिले. अपील फेटाळलं गेलं.

निकालात अपीलकर्ता म्हणून कंपनीचं नाव आहे. ही पद्धत क्रमवार, संपूर्ण आणि सर्वांत आधी जगापुढे कुणी मांडली, तिथे काकांचं नाव आहे, वडिलांच्या नावासकट. माझं कुठेच नाही. काकांनी तो परिच्छेद अख्ख्या वाडीला वाचून दाखवला. आता लोक शोधाबद्दल अभिनंदन करायला त्यांच्याकडे येतात आणि त्यांना चहा मी नेऊन देतो.