बासष्ट टक्के

बावीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. सातवीतल्या मुलाने केली असती तर ज्या चुकीसाठी मी त्याला बाकावर उभं केलं असतं, ती चूक मी पन्नाशी ओलांडल्यावर स्वतः केली. माझ्या इलेक्ट्रिक पिकअपच्या कागदावर लिहिलं होतं, एका चार्जमध्ये एकशे चाळीस किलोमीटर. गंगापूर रोडवरच्या माझ्या घरापासून पेठच्या पुढच्या त्या गावापर्यंत अडुसष्ट. जाऊन-येऊन एकशे छत्तीस. चार किलोमीटर शिल्लक राहतात, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो चहा पीत होता. म्हणाला, "चार म्हणजे चैनच आहे की. वाटेत एखादं देवदर्शनही उरकून ये."

मी गाडी घेतली हेच मुळात त्याला पटलं नव्हतं. पण नोकरी सोडल्यावर मी घरात बसले असते तर आमच्या दोघांचंही डोकं फिरलं असतं, हे तोही मनातून जाणून होता. सुरुवातीला मी रोपवाटिकांमधून बंगल्यांवर कुंड्या आणि मातीच्या गोण्या पोचवायचे. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर, सगळा सपाट रस्ता, संध्याकाळी गाडी दारात आणि वायर प्लगमध्ये. तेवढ्यात बॅटरी निम्मीसुद्धा उतरायची नाही. त्यामुळे कागदावरच्या आकड्यावर संशय घ्यावा असं कधी वाटलंच नाही.

मावशी मला भेटल्या आमच्या भागातल्या रविवारच्या शेतकरी बाजारात. साठीच्या आतबाहेरच्या, अंगाने काटक. त्यांच्या गावातल्या अकरा बायकांचा एक गट होता. भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवायची, हातसडीचा तांदूळ पंचवीस-पंचवीस किलोच्या कट्ट्यांत भरायचा आणि रविवारी नाशकात आणून विकायचा. बाजारात टेबलं मोजकी होती, आणि एक टेबल मिळावं म्हणून या बायका वर्षभर थांबल्या होत्या. माल आणायची जीप मात्र दुसऱ्याची. जीपवाल्याला लग्नाचं भाडं मिळालं की तो यायचाच नाही. एका रविवारी मावशींना एसटीने दोनच कट्टे घेऊन आलेलं बघितलं आणि मी न विचारता बोलून गेले, "मी आणते तुमचा माल. दर रविवारी." मावशींनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, "ताई, ही घाट चढंल का?" मला राग आला होता, हे आज कबूल करते.

शनिवारी दुपारी निघाले. गाडी रिकामी, आवाज नाही, सावळघाट उतरताना तर बॅटरीचा आकडा खाली जाण्याऐवजी दोन टक्के वर चढला. गावात पोचले तेव्हा बरोबर पन्नास टक्के उरले होते. अर्धा रस्ता, अर्धी बॅटरी. मी खूश होऊन मावशींच्या ओटीवर झोपले, आणि रविवारी पहाटे सोळा कट्टे भरून आम्ही दोघी निघालो.

जाताना उतार होता आणि येताना चढ असणार होता. जाताना गाडी रिकामी होती आणि येताना चारशे किलो माल होता. एवढी साधी गोष्ट मला कोटंबीचा घाट चढून झाल्यावर सुचली. तोवर आकडा सत्तावीसवर आला होता. सावळघाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडी बैलगाडीच्या चालीने जायला लागली आणि पाचव्या वळणावर थांबली. एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून ओढत वर काढलं, मग एका ढाब्यावर पंखा काढून त्याच्या प्लगमध्ये वायर लावली. बाजारात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि बाजार अकराला उठतो.

बाजार चालवणारे गृहस्थ वाईट नव्हते. पण नियम त्यांनीच केलेला आणि तो सगळ्यांना सारखा होता. सातच्या आत टेबलावर यायचं. ते मावशींना म्हणाले, "एकदा चालवून घेतो. पुन्हा उशीर झाला तर टेबल दुसऱ्या गटाला द्यावं लागेल. यादी मोठी आहे, मॅडम," हे शेवटचं माझ्याकडे बघून. सोळा कट्टे तसेच माझ्या पार्किंगमध्ये उतरवले. नवऱ्याने ते बघितले, आणि देवदर्शनाचं नाव काढलं नाही. त्याने चिडवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात मी इरेला पेटले. शाळेतली एक कोरी वही काढली आणि रकाने आखले. वजन, वेग, चढ, उतार, टायरमधली हवा, निघताना टक्के, पोचल्यावर टक्के. मातीच्या गोण्या भरून गिरणारे, त्र्यंबक, दिंडोरी अशा फेऱ्या मारल्या. चाळीसच्या वर वेग न्यायचा नाही, घाटात अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायचा नाही, एसी विसरायचा. एवढं सगळं पाळलं तर भरलेली गाडी त्या गावाहून नाशिकपर्यंत बहात्तर टक्के खाते, असं निघालं. म्हणजे तिथून निघताना बॅटरी भरलेली हवी. मावशींच्या गावात पिठाची गिरणी होती आणि गिरणीत दणकट प्लग. गिरणीवाल्याला विचारलं, तो हसून म्हणाला, "लावा की. म्हशीला पाणी पाजायला नाय म्हनतो का कोणी?" शनिवारी संध्याकाळी वायर लावायची, पहाटे शंभर टक्के घेऊन साडेचारला निघायचं. तीन रविवार आम्ही पावणेसातला टेबलावर होतो. तिसऱ्या रविवारी नवऱ्याने माझी वही चाळली आणि काही न बोलता परत ठेवली. आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

एक गोष्ट मात्र वहीत बसत नव्हती. त्या गावातून नाशिककडे जाणारी गाडी कोणाचंही गाठोडं नाकारत नाही. तशी पद्धतच आहे. गावातली निम्मी तरुण माणसं इकडे बांधकामावर नाहीतर द्राक्षबागांत कामाला येतात, आणि गाडी जाणार हे कळलं की त्यांच्यासाठी घराघरातून काही ना काही येतं. पहिल्या फेरीला पाच गाठोडी होती, चौथ्या फेरीला बावीस. प्रत्येकाला चिंधी बांधलेली, चिंधीच्या रंगावरून मावशी सांगायच्या कोणाचं कोणतं. माणसं रविवारी बाजाराच्या मागच्या गेटापाशी येऊन आपापलं घेऊन जायची. मी वहीत एक रकाना वाढवला होता, 'इतर'. त्यात दर आठवड्याला वाढत जाणारे किलो लिहायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे. पिशवीत दोन किलो नागली पाठवायला माझीच बॅटरी सापडली होती का? एकदा मावशींना सुचवून बघितलं, की थोडं कमी आणू या. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते कळलं नाही. पुढच्या वेळी गाठोडी वाढलीच होती.

त्या चौथ्या शनिवारी मी वायर लावली आणि तासाभरात गावातले दिवे गेले. कुठेतरी तारेवर झाड पडलं होतं. पहाटे पावणेचारला उठून गाडीत बसले, किल्ली फिरवली. बासष्ट टक्के.

मी गाडीतच बसून राहिले. बहात्तर हवे होते. वाटेत चार्जरचं नाव नव्हतं. ढाबा सावळघाटाच्या वर, आणि तिथे तासभर लावलं तर सात टळून जाणार. दिवे यायची वाट बघितली तरी तेच. म्हणजे टेबल गेलं. अकरा बायकांनी वर्षभर थांबून मिळवलेलं टेबल माझ्या हट्टापायी जाणार होतं, कारण जीपवाल्याला बाजूला सारायला लावलं होतं ते मीच. मला भीती वाटली. मग मी वही उघडली. मोबाइलच्या उजेडात गणित मांडलं आणि पुन्हा मांडलं. तीनशे किलो कमी केले आणि पस्तीसच्या वर गेलो नाही, तर गाडी दोन-तीन टक्क्यांवर का होईना, पोचेल.

बाहेर आले. मावशी आणि गटातल्या तिघी-चौघी कंदील घेऊन उभ्या होत्या. माल रात्रीच भरून ठेवला होता. मी सांगितलं, "तीनशे किलो उतरवावे लागतील. गाठोडी सगळी मिळून दोनशे किलोंची आहेत. ती आणि वर चार कट्टे काढले की झालं. बारा कट्टे जातील. बाजार होईल."

मग मावशींनी पदर खोचला, मागची फळी पाडली आणि एक कट्टा ओढून खाली घेतला. पाठोपाठ दुसरा. मला वाटलं, चार आधी काढताहेत. पाचवा काढला तेव्हा मी म्हटलं, "मावशी, बास. आता गाठोडी."

"गाठोडी नाय उतरायची."

"अहो, पण मग बारा कट्टे उतरवावे लागतील! चारच राहतील."

"मंग बारा उतरवू."

माझा पारा चढला. मी म्हटलं, टेबल तांदळाचं आहे, तांदूळच नेला नाही तर तिथे जाऊन करायचं काय? एक आठवडा गाठोडी थांबली तर कोणाचं काय बिघडणार आहे?

मावशींनी हातातला कट्टा खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "ताई, कट्टे आमचे हायेत. गाठोडी लोकांची हायेत. लोकांनी इस्वासानं आणून दिली, ती आम्ही उतरवून ठेवायची आन आपलं इकायला न्यायचं? आन टेबल मालावर नाय जात, येळंवर जातं. सातच्या आत पोचलं म्हंजे टेबल आपलं."

मी वहीत बोट घालून तशीच उभी होते. बाकीच्या बायका कट्टे उचलून गिरणीत नेत होत्या. त्यांचाही घाम होता त्या तांदळात. मग मी वही सीटवर टाकली आणि बारावा कट्टा त्यांच्याबरोबर धरला.

त्या दिवशी मी जशी गाडी चालवली तशी आयुष्यात चालवली नाही. कोटंबी चढून झाली तेव्हा पंचेचाळीस. करंजाळीत एकेचाळीस. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते, वाजवोत. सावळघाटात मी आणि मावशी दोघींनी तोंड मिटून घेतलं, जणू आमच्या बोलण्यानेही बॅटरी उतरली असती. माथ्यावर एकोणीस. तिथून पुढे उतार, पण अंतरही तितकंच. दहाच्या खाली गाडी आपणहून वेग कमी करते. शहराच्या तोंडाशी आम्हाला एका सायकलवाल्याने मागे टाकलं आणि वळून बघितलं. मी त्याला हात केला. आता लाज वाटण्याइतकी ताकद कोणात होती?

सहा बावन्नला बाजाराच्या गेटात शिरलो. आकडा दोन. ते गृहस्थ हातात यादी घेऊन उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, खूण केली आणि मग गाडीत डोकावून विचारलं, "आज एवढाच माल?"

मी तोंड उघडलं होतं. माझी चूक, माझी बॅटरी, सगळं सांगणार होते. मावशी आधी म्हणाल्या, "आज गाडीत जागा नव्हती." आणि कट्टा उचलून चालू लागल्या.

सात वाजल्यापासून मागच्या गेटापाशी माणसं यायला लागली. रंगीत चिंधी ओळखून हात पुढे करायची. सिमेंटने पांढरे पडलेले हात, औषध फवारून पिवळे पडलेले हात. एका मुलीने गाठोडं तिथेच उघडलं. आत नागलीचं पीठ, सुकट आणि आईचं जुनं लुगडं, चार महिन्यांच्या पोटासाठी मऊ म्हणून पाठवलेलं. तिने ते लुगडं नाकाला लावलं आणि कोणी बघत नाही असं समजून बराच वेळ तसंच धरलं. मी बघत होते. 'इतर' असं मी ज्याला नाव दिलं होतं ते हे होतं. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

नऊ वाजायच्या आत चारही कट्टे संपले. मी मावशींना म्हटलं, चला घरी, जरा पाठ टेका, गाडीही चार्जला लागेल.

"अकराला उठतो ना बाजार?"

"हो, पण आता विकायला काय आहे?"

"उठलो तर दुसरा बसंल." त्यांनी रिकामं टेबल पदराने पुसलं, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि ताठ बसल्या. गिऱ्हाइकं यायची, टेबलाकडे बघायची, मग आमच्याकडे. एका बाईंनी हसून विचारलंच, "मावशी, तुमच्याकडे काय मिळतं?"

"तांदूळ."

"कुठे आहे?"

"घरी हाय. पुढच्या रविवारी या."

मी गाडीतून पाण्याची बाटली आणली, खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसले. अकरा वाजेपर्यंत आम्ही दोघी त्या रिकाम्या टेबलामागून हललो नाही.